भिंतीलगतची जागा

त्या वर्षी मी देवळात जायची ती मुख्यतः बसायला मिळावं म्हणून. आम्ही जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. रविवारी सकाळी शेजारच्या वहिनी दोन तास आमच्या ह्यांच्याजवळ बसत आणि मी रिक्षा धरत असे. ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन दुसरं वर्ष लागलं होतं. उजवी बाजू गेलेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलेलं. अंथरूण बदलणं, कूस पालटणं, पेज भरवणं, औषधं, पुन्हा अंथरूण. शाळेतून निवृत्त झाल्यावर काय काय करायचं हे मी एकेकाळी ठरवलं होतं, ते आता आठवतही नव्हतं. देवळातल्या बाकाला पाठ टेकली की तेवढा वेळ कोणी हाक मारायचं नाही. श्रद्धेबद्दल कोणी विचारलं असतं, तर मला नीट उत्तर देता आलं नसतं.

आमचं देऊळ दगडी, वर कौलं, कौलांखाली कबुतरं. पंखे लावले की उपदेश ऐकू येत नाही आणि बंद केले की लोक पत्रकाने वारा घेत बसतात. मंडळीत दोन तट होते. पंचकमिटीच्या निवडणुकीवरून सुरू झालेलं भांडण कोर्टात गेलं, कोर्टातून परत आलं, तरी मिटलं नाही. एक तट डावीकडच्या बाकांवर बसे, दुसरा उजवीकडच्या. नाताळचे कार्यक्रम दोन, भगिनी मंडळाच्या सहलीही दोन. मी कुठल्याच तटात नव्हते, पण त्यात शहाणपण काही नव्हतं. भांडायला जी ताकद लागते ती माझ्यात उरली नव्हती. भगिनी मंडळाची सेक्रेटरी मी राहिले, कारण दोन्हीकडच्यांना मी सारखीच निरुपयोगी वाटत असणार.

पाळकसाहेब बदली होऊन आलेले, मधुमेही, थकलेले. उपदेश करताना ते “आता शेवटचा मुद्दा” म्हणत आणि त्यानंतर आणखी तीन मुद्दे येत. त्यांच्यावर दोन्ही तट नाराज होते, कारण ते कोणाच्याच बाजूने बोलत नसत.

आणि एक पंच होते. उजवीकडच्या तटातले, सत्तरी ओलांडलेले, वीज मंडळातून निवृत्त, विधुर. दफनभूमीची जबाबदारी त्यांच्याकडे, म्हणून तिची किल्ली कायम त्यांच्या खिशात. नियम हा त्यांचा आवडता शब्द. ह्यांना एकदा मी व्हीलचेअरवरून देवळात आणलं होतं, तेव्हा पंचांनी भर उपासनेत येऊन खुर्ची मधल्या वाटेतून हलवायला लावली. “बाई, जायची-यायची वाट आहे ही,” ते म्हणाले. खुर्ची खांबामागे गेली, तिथून वेदी दिसत नव्हती. त्यानंतर मी ह्यांना पुन्हा नेलं नाही. पंचांना नमस्कार करायचंही मी सोडून दिलं होतं.

सगळ्यात मागच्या बाकावर, चपलांच्या ढिगाशेजारी, एक जोडपं बसे. पेठच्या पलीकडच्या डोंगरातली माणसं. द्राक्षांच्या हंगामात ती पिंपळगाव बसवंतला एका पॅकहाऊसमध्ये कामाला येत, तिथल्याच शेडमध्ये राहत आणि रविवारी टेम्पो मिळेल तो धरून नाशिकला उपासनेला येत. हा त्यांचा दुसरा हंगाम होता. दोघं गाणी मोठ्याने म्हणत आणि आमच्यापेक्षा अर्धी ओळ मागे राहत. पुढच्या बाकांवरच्या बायका मान वळवून बघत. त्या दोघांना ते कळतही नसे.

ती बाई माझ्याहून वयाने बरीच लहान, पण चेहरा उन्हाने वाळलेला. उपासना सुटली की ती माझ्याजवळ येऊन विचारायची, “बाई, तुमचं घरचं माणूस कसं हाय?”

मी म्हणायची, “आहे तसंच.”

“मी रोज नाव घेते परार्थनेत,” ती म्हणायची, आणि निघायची. ह्यांचं नाव तिला मी कधी सांगितलं नव्हतं. कोणाला तरी विचारून घेतलं असणार. बाकीच्यांनी पहिल्या सहा महिन्यांनंतर चौकशी करणं सोडलं होतं. त्यांनाही दोष नाही. रोज तेच उत्तर असलेला प्रश्न माणूस किती वेळा विचारणार. ती मात्र दर रविवारी नव्याने विचारायची. एकदा तिने मला फडक्यात बांधलेले नागलीचे पापड दिले. म्हणाली, “मऊ करून द्या त्यांना, दुधात.”

मार्चच्या सुरुवातीला एका रविवारी ती आली नाही. नवरा एकटाच होता. ताप आहे म्हणाला. पुढच्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, पाळकसाहेबांचा फोन आला. कावीळ होऊन ती सरकारी दवाखान्यात वारली होती. “बाई, चार वाजता या,” ते म्हणाले. “पंचकमिटी बोलावली आहे. जागेचा प्रश्न आहे.”

कसली जागा हे मला आधी कळलंच नाही. वहिनींना बोलावून मी गेले. पाळकसाहेबांच्या घराच्या पायरीवर तिचा नवरा बसला होता. अंगात पॅकहाऊसचा निळा शर्ट, हातात तिची पिशवी. मी जवळ बसले तेव्हा तो म्हणाला, “गावाला फोन केला व्हता. भाऊ म्हणतात, इथं आणू नको. आमी परार्थनेला जायला लागलो तवापासून गावच्या मसणवट्यात आमाला जागा नाय.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. रस्ता बंद आहे, दुसरीकडून जावं लागेल, अशा सुरात तो बोलत होता.

आत सात-आठ माणसं होती. खिडकी उघडी होती, म्हणजे आतलं सगळं पायरीवर ऐकू येत होतं. मी खिडकी लावायला उठले, पण पंखा बंद पडलेला होता आणि कोणीतरी म्हणालं, राहू द्या, गुदमरतंय.

आमची दफनभूमी भरत आली आहे. जुन्या कबरी पुन्हा उघडून घरच्याच माणसांना तिथे ठेवतात. मोकळी म्हणावी अशी जागा एका कोपऱ्यात होती, आणि ती कोणत्या तटाच्या घरांसाठी ठेवायची यावरून आधीच वाद चालू होता. डावीकडच्यांचे पुढारी, निवृत्त फौजी, म्हणाले, “आमचा विरोध नाही. पण आमच्या वाट्यातून का? त्यांच्या वाट्यातून द्या.” उजवीकडून लगेच उत्तर आलं की, वाटा म्हणजे काय, दफनभूमी तुमच्या वडिलांची आहे का. मग निवडणूक निघाली, कोर्ट निघालं. कोणीतरी असंही म्हणालं की, ही हंगामी माणसं, आज इथे तर उद्या तिथे, मंडळीचे सभासद तरी कुठे आहेत. आणखी कोणीतरी म्हणालं, खरे ख्रिस्ती आहेत कशावरून.

पंच म्हणाले, “नियम सरळ आहे. सभासदांच्या घरच्यांनाच जागा. आज एकीला दिली तर उद्या दवाखान्यातून रोज फोन येतील. मग तुमच्या-माझ्या लोकांना कुठे नेणार?”

मी म्हणाले, “काका, तो बाहेर बसलाय. त्याला सगळं ऐकू जातंय.”

“जाऊ द्या. खोटं काही बोलत नाही मी.”

अशा वेळी पाळकाने काहीतरी मोठं बोलावं असं आपल्याला वाटतं. पाळकसाहेब एवढंच म्हणाले, “उद्या सकाळी दहाला बॉडी ताब्यात मिळेल. मी ती कुठे घेऊन जाऊ, एवढं मला सांगा.” मग त्यांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसत राहिले.

पंच उठले आणि किल्ल्यांचा जुडगा खिशात घालून, कोणाकडे न बघता चालते झाले. “घ्या,” फौजी म्हणाले, “किल्लीच घेऊन गेला. आता बसा.” बैठक तशीच मोडली.

मी घरी आले. ह्यांना पेज भरवता भरवता झालेलं सगळं सांगितलं. खरं तर मी ह्यांना सांगत नव्हते, स्वतःशीच बोलत होते. म्हटलं, “कंटाळा आला मला ह्या लोकांचा. आयुष्य गेलं ह्यांच्यात. लहानपणापासून प्रेम, प्रेम ऐकतेय, आणि मेलेल्या बाईला सहा फूट माती द्यायची तर ह्यांच्यात वाटे निघतात.” हे माझ्याकडे बघत होते. मग डाव्या हाताने चमचा बाजूला केला आणि म्हणाले, “जा.” दोन-चार शब्द शिल्लक होते त्यातला तो एक. मी म्हटलं, उद्या जाईन. पण कुठे जायचं हे मलाही माहीत नव्हतं.

सकाळी मी दफनभूमीत गेले ती कोणी कुलूप फोडायचं म्हटलं तर साक्षीला एक बाई असावी म्हणून. फाटक उघडं होतं. आत भिंतीलगत पंच उभे होते, बनियन आणि पायजमा, हातात दोरी. नेहमीचा खड्डा खणणारा माणूस टिकाव घेऊन सुरुवात करत होता. मी जवळ गेले आणि जागा ओळखली. पंचांच्या बायकोची कबर तिथेच आहे, पांढऱ्या फरशीची. तिच्या शेजारी भिंतीपर्यंतची पट्टी त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती, कमिटीचा ठराव करून. साऱ्या मंडळीला ते माहीत होतं. एखादा जुना वैरी त्यांना हसून विचारायचाही, “काय साहेब, जागेला पाणी घालता ना रोज?”

“बघत काय उभ्या राहिलात,” पंच म्हणाले. “पाणी आणलंय का प्यायला?”

“काका, ही तर तुमची जागा.”

“माझीच आहे. म्हणून तर कोणाला विचारायला नको.”

“मग तुमचं पुढे?”

“मला वेळ आहे अजून. आणि आलीच वेळ, तर तुम्ही सगळे बसा भांडत. मी काही ऐकायला नसेन.” मग त्यांनी दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. “ताणून धरा. वाकडी जाऊ द्यायची नाही.”

मी दोरी धरली. काही विचारलं असतं तर ते खेकसले असते, हे नक्की.

वरची माती भुसभुशीत होती, पण खाली मुरूम लागला. खणणारा घामाघूम झाला. ऊन चढत होतं. तेवढ्यात फाटकातून फौजी आले. त्यांना कोणी कळवलं कुणास ठाऊक. बहुतेक तेही माझ्यासारखे कुलपाच्या विचाराने आले असावेत. खड्डा कुठे चाललाय हे त्यांनी पाहिलं, पंचांकडे पाहिलं. ह्या दोघांनी कोर्टाच्या केसपासून एकमेकांशी शब्द बोललेला नव्हता. फौजींनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, बाह्या दुमडल्या आणि खड्ड्यात उतरून खणणाऱ्याच्या हातातला टिकाव घेतला.

ते खणत राहिले आणि पंच कडेवर उभे राहून बघत राहिले. थोड्या वेळाने पंच खणणाऱ्याला म्हणाले, “त्यांना सांग, डावी बाजू तिरकी चाललीय.”

खणणाऱ्याने सांगितलं.

फौजी खालून म्हणाले, “त्यांना सांग, दिसतंय मला.”

तास-दीड तास असंच चाललं. मधेच पंचही खाली उतरले आणि फावड्याने मुरूम घमेल्यात भरू लागले. एका अरुंद खड्ड्यात दोन म्हातारे, एकमेकांना कोपर लागू नये म्हणून जपत, आणि प्रत्येक निरोप वरच्या माणसामार्फत. खणणाऱ्याला हसू आवरत नव्हतं. मला मात्र हसू आलं नाही.

मग मी देवळामागच्या खोलीत गेले. पाळकीणबाईंनी पाणी तापवून ठेवलं होतं. दवाखान्यातून तिला आणलं तेव्हा सोबत तिची सासू होती, पहाटेच जीप धरून गावाहून आलेली. भाऊ आले नव्हते. म्हातारी ख्रिस्ती नव्हती. तिने पिशवीतून नवी कोरी हिरवी साडी काढली आणि आमच्यापुढे धरली. “ही नेसवाल का? का तुमच्यात चालत नाय?”

पाळकीणबाई म्हणाल्या, “चालतं, आई. तुम्हीच नेसवा. आम्ही धरतो.”

आम्ही तिघींनी तिला धुतलं, पुसलं, नेसवलं. आजारी माणसाचं अंग उचलायची मला सवय होती. कुठे हात घालायचा, मान कशी धरायची, हे हातांना आपोआप कळत होतं. इतके महिने ज्या कामाने मी पिचून गेले होते, तेच काम ते. तिच्या बोटांवर कात्रीचे घट्टे होते, घडातले बारके मणी छाटून छाटून पडलेले. ते हात रोज जोडून माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं जात होतं, हे मला तेव्हा नीट उमगलं. त्याआधी ते नुसतं बोलणं वाटायचं.

दफनाला येऊन येऊन दहा-बारा माणसं येतील असं मला वाटलं होतं. पण डावीकडचे आले, उजवीकडचेही आले. कोणी लाजेने आले असतील, कोणी कुतूहलाने. पंचांनी आपली जागा दिली हे पाहायलाही काही आले असणार. आपल्या माणसांना मी ओळखते. कबरीपाशीसुद्धा ते दोन घोळके करूनच उभे राहिले. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं तर एका घोळक्याने ते वरच्या सुरात सुरू केलं, दुसऱ्याने खालच्या. दुसरं कडवं येईपर्यंत ताळमेळ लागला नाही. तिचा नवरा नेहमीसारखा अर्धी ओळ मागे होता. त्या दिवशी कोणी मान वळवून पाहिलं नाही.

शवपेटी खाली सोडायला दोराच्या एका बाजूला पंच आणि दुसऱ्या बाजूला फौजी होते. दोर एकाच वेगाने सोडावा लागतो, नाहीतर पेटी तिरपी होते. आता मध्ये निरोप्या नव्हता. पंच म्हणाले, “हळू.” फौजी म्हणाले, “हं.” एवढंच. पेटी सरळ खाली गेली.

मी तेव्हा काय पाहिलं हे सांगायला बसले की शब्द मोठे होतात आणि गोष्ट लहान होते. देवाचं गौरव म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे लहानपणापासून लख्ख उजेड यायचा, ढग, तुतारीचा आवाज. तिथे तसलं काही नव्हतं. मार्चचं ऊन होतं, मुरमाची धूळ होती, बेसूर गाणं होतं. आदल्या दिवशी जे लोक वाईट बोलले होते, तेच लोक मुठीने माती टाकत होते. त्यातल्या कोणाचा स्वभाव रात्रीतून बदलला नव्हता. तरी ती बाई तिच्या हक्काच्या जागी असल्यासारखी मातीत चालली होती. देव तिथे होता, असं मला अगदी साधेपणाने वाटलं. त्या दोन माणसांच्या अबोल्याची त्याला काही अडचण झाली नव्हती. मी फार दमले होते, कदाचित म्हणूनही तसं वाटलं असेल. पण दमलेली तर मी रोजच असायची.

म्हातारी सासू कडेला उभी होती. तिने पदराच्या गाठीतून मूठभर तांदूळ काढले आणि पाळकसाहेबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. तिने तांदूळ मातीवर टाकले.

यानंतर सगळं सुधारलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पुढच्या रविवारी डावीकडचे डावीकडे बसले, उजवीकडचे उजवीकडे. त्याच महिन्याच्या कमिटीत पंचांनीच ठराव आणला की, बाहेरच्या कोणालाही यापुढे जागा मिळणार नाही. मी म्हटलं, “काका, तुम्हीच तर दिलीत.” ते म्हणाले, “मी माझी दिली. मंडळीची नाही दिली. फरक कळत नाही का तुम्हाला, शिक्षिका होतात ना?” ठरावावर फौजींनी विरोध नोंदवला आणि दोघांचं पुन्हा जुंपलं, ह्या वेळी मात्र थेट, निरोप्याशिवाय. मी ह्याला प्रगती म्हणायला तयार आहे. इतर कोणी तसं म्हणालं नाही.

हंगाम संपल्यावर गावी परतायच्या आधी तो नवरा देवळात आला. त्याला कबरीवर काहीतरी लावायचं होतं. पंच त्याला म्हणाले, “सिमेंट-बिमेंट काही करू नकोस. पावसाळ्यात माती बसू दे आधी. दगडाचं मी बघतो.” आणि नेहमीसारखे तरातरा निघून गेले.

मी त्याला पेठ रोडला जीपपर्यंत सोडायला गेले. पिशवी तीच होती, तिची. जीप भरायला वेळ होता. आम्ही रसवंतीच्या सावलीत उभे राहिलो. तो म्हणाला, “बाई, एक इचारू? मंडळीत नेहमी आसंच भांडतात का?”

मी म्हटलं, “हो. नेहमीच.”

त्याने मान डोलवली. “आमच्याकडं परार्थनेची दहाच घरं हायेत. तरी दोन ठिकाणी भरते.”

मला हसू फुटलं. तोही हसला, तोंडावर हात धरून, बायको जाऊन किती थोडे दिवस झालेत हे आठवल्यासारखा. मग ड्रायव्हरने हाक दिली. तो मागच्या बाजूला दाटीवाटीने बसला आणि पिशवी मांडीवर घेतली.

जीप निघेपर्यंत मी थांबले. ह्यांच्या औषधाची वेळ होत आली होती. मी रिक्षा बघू लागले.